वहिनीसाहेबांचं मौन

एका चांगल्या बोलत्या बाईला मी भर सभेत मुकी करून टाकलं आणि त्याबद्दल वर टाळ्याही घेतल्या. माझं वय तेव्हा चाळिशीला टेकलेलं. म्हणजे अक्कल यायला काही हरकत नव्हती. ती येतही असेल. पण वाटेत मला माईक भेटला आणि आमची दोघींची चुकामूक झाली.

आज ते आठवायचं कारण मोसंबीचा वास. चार दिवस झाले, सकाळी मागचं दार उघडलं की तो घरात शिरतो. ज्यांनी मोसंबी नुसती हातगाडीवर किंवा आजारी माणसाच्या उशाशी पाहिली आहे, त्यांना या फुलांचं सांगून कळायचं नाही. फूल एवढंसं, पांढरं, जाड पाकळ्यांचं. पण बाग फुटली की वास वाऱ्यावर चालत गावात येतो, शाळेच्या व्हरांड्यात जातो, वाळत घातलेल्या लुगड्यांत जाऊन बसतो. आधी गोड लागतो, मग घशाशी किंचित कडू. बागेतल्या मधमाश्या ऐकल्या तर वाटावं, लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू आहे. या वर्षी त्यात आणखी एक आवाज मिसळलाय. कधीच्या रखडलेल्या निवडणुका एकदाच्या लागल्या आहेत आणि वडीगोद्रीच्या चौकातून निघालेल्या रिक्षा भोंगे लावून आमच्या गावापर्यंत येतात. एका रिक्षातली ताई विकास करणार आहे. तिच्या मागच्या रिक्षातली ताईसुद्धा विकासच करणार आहे. दोन्ही ताईंना आवाज एकाच पुरुषाचा आहे.

माझी नात गौरी जालन्याला राहते. एका उमेदवार ताईंचं सोशल मीडिया बघते. आधी मला वाटलं, नुसतं बघायचं काम आहे, बरं आहे, डोळ्यांना त्रास तेवढा. मग कळलं की ती ताईंच्या नावानं लिहिते. ताईंना सकाळी जे विचार सुचतात ते गौरीला आदल्या दिवशीच सुचलेले असतात. परवा ती घरी आली, चहा अर्धा सोडला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"आजी, दोन वाक्यं बोल ना. आपल्या गावाकडच्या बोलीत. मी तुमच्यातलीच हाये, असं काहीतरी."

"मी तर हायेच."

"तू न्हाई गं, ताई. त्या कॅमेऱ्यासमोर नुसतं हात जोडून उभ्या राहतात. व्हिडिओ त्यांचा घेतलाय, मागं आवाज तुझा लावते."

"मंग लोक म्हणतील, ताई एवढी तरणी अन् आवाज म्हातारीचा."

"आवाज तरुण करता येतो."

"बरं. अन् ताईंना काय बोलायचंय, ते इचारलंस का?"

गौरीनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी नवरदेवाला घोड्याचं मत विचारायला सांगितलं. "त्यांना काही बोलायचं न्हाईये आजी. म्हणून तर मला ठेवलंय. आणि हे काही खोटं न्हाई बरं का. याला व्हॉइस ओव्हर म्हणतात."

आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं.

माझी जीभ गावात प्रसिद्ध होती. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं की उखाणा माझ्याकडून जायचा. नवऱ्याचं नाव सांगा, गाव सांगा, चहा निवेपर्यंत यमक तयार. 'मोसंबीच्या फोडीला साखर लावते थोडी, अमुकरावांच्या नावाची मला लागली गोडी.' या एका उखाण्यावर मी गावातल्या निम्म्या पोरी सासरी पोचवल्या. सगळ्यांना नवऱ्याची गोडी त्याच फोडीनं लागली. एकीचा नवरा तर मोसंबीच्या नावानं शिंकायचा, तरी तिनं तोच उखाणा घेतला. नवरीला स्वतःला काय म्हणायचंय, हे विचारायची तेव्हाही पद्धत नव्हती.

माझा उखाणा परत केला फक्त एकीनं. ती कुसुम. आमच्या भावकीतल्या विश्वनाथरावांची बायको. ऐन उन्हाळ्यातलं लग्न. भर दुपारी नवरी दारात आली, बायकांनी वाट अडवली, नाव घे म्हणून गलका केला. मी तिच्या मागं उभी राहून कुजबुजतेय, मोसंबीच्या फोडीला, म्हण, मोसंबीच्या फोडीला. तिनं मान वळवून एकदा माझ्याकडं पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "यांचं नाव विश्वनाथ. माझं नाव कुसुम. आता आत येऊ द्या, पाय भाजून राह्यलेत."

बायका खळखळून हसल्या. मीही हसले. मनात मात्र म्हणाले, काय फटकळ पोरगी आहे. तिच्या पायांपेक्षा माझ्या वाया गेलेल्या उखाण्याची मला जास्त चिंता.

म्हणजे कुसुमला बोलता येतं, स्वतःच्या शब्दांत येतं आणि नेमकं येतं, हे मला तिच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पुढचं सगळं मी हे ठाऊक असून केलं.

मोसंबीला ताण देतात. थंडीत महिना-दीड महिना झाडाचं पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळायला लागतात. आता आपलं काही खरं नाही असं झाडाला वाटलं की पाणी सोडायचं, आणि मग ते जिवाच्या भीतीनं अंगभर फुलतं. सगळी कला पाणी वेळेवर सोडण्यात. त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी नेहमीसारखा ताण दिला, आणि सोडायला पाणीच नव्हतं. धरण तळाला गेलेलं. आमचं गाव कालव्याच्या शेपटाला, तिथं चांगल्या वर्षीही पाणी दमून पोचतं. त्या वर्षी कालव्यात पोरं क्रिकेट खेळायची. गावच्या विहिरीत टँकर रिकामा व्हायचा आणि तिच्या कठड्याभोवती बायका कळश्या घेऊन एकमेकींच्या अंगावर पडायच्या. झाडं शेतात तशीच ताणात उभी. आमची दोन एकर बाग होती. हे रोज सकाळी जाऊन बघून यायचे, आणि आल्यावर पाय न धुता जेवायला बसायचे. पाय धुण्याइतकं पाणी घरात होतं. त्यांना ते वापरवत नव्हतं.

त्याच थंडीत आमचा पंचायत समितीचा गण बायकांसाठी राखीव झाला. विश्वनाथरावांना, म्हणजे आमच्या अण्णांना, उभं राहायचं होतं. पाच वर्षं ते पांढरेशुभ्र कपडे घालून सगळ्यांच्या मयतीला आणि बारशाला जात होते. त्यांचा चेहरा गावोगावी पोचलेला, आणि आता तिकीट बायकोला द्यायची पाळी. अर्ज भरायच्या आदल्या दिवसापर्यंत ती कुसुम होती, दुसऱ्या दिवशी वहिनीसाहेब झाली. तिला मी, वयानं मोठी, जिला ती अक्का म्हणायची, तीही अहो-जाहो करायला लागले. मी झाले त्यांची प्रवक्ती. हा शब्द अंबडच्या एका वार्ताहरानं छापला, त्याचं कात्रण मी देव्हाऱ्याच्या काचेमागं लावलं. देवालाही काही वाचायला मिळावं.

काय माझा तो थाट. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स. पर्समध्ये घशासाठी लवंगा आणि दुसरं काही नाही. बोलण्याआधी माईकवर दोन टिचक्या मारायच्या, हे मी कुणाचं तरी पाहून शिकले होते. घरातसुद्धा बोलायच्या आधी माझं बोट आपोआप हवेत टिचकी मारायला जायचं. हे म्हणायचे, "चालू हाये गं माईक, भाजीत मीठ किती ते सांग."

पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी कुसुमच्या स्वयंपाकघरात गेले होते. ती भाकरी थापत होती.

"अक्का, उद्या मी बोलणार हाये."

"बोला की वहिनीसाहेब. चार ओळी मी करून देते."

"नको. माझं मला येतं."

"इषय काय घेणार?"

"पाण्याचा."

"चांगलाय," मी म्हणाले. "पाण्याच्या इषयावर बायका रडतात."

तेवढ्यात घरामागच्या रस्त्यानं एक जड गाडी पहिल्या गिअरवर चढ चढायला लागली. कुसुमचा हात परातीत थांबला. तो टँकर आहे, हे ओळखायला मला काही कष्ट पडले नाहीत. आणि त्या चढाच्या पुढं अण्णांच्या बागेशिवाय काही नाही, गावची विहीर दुसऱ्या अंगाला आहे, हे तर शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. कुसुम माझ्याकडं बघत राहिली. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबली असावी. मी तिला विचारलं, उद्या साडी कोणती नेसणार.

दुसऱ्या दिवशी पारासमोर सभा. मांडव लहान, माणसं बरीच. आणि वाऱ्यावर वास. आख्ख्या शिवारात झाडं काटक्या होऊन उभी असताना एकाच दिशेनं फुलांचा वास येत होता. सगळ्यांना येत होता. नाकाशी पदर धरलेल्या बायकांनाही येत होता. पण त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, वास न घेतल्यासारखं करून सगळे सतरंजीवर बसले होते. मीही. मी तर स्टेजवर होते, तिथं तो जास्तच येत होता.

प्रास्ताविक करून मी खाली बसले. वक्त्यांसाठी भरून ठेवलेला तांब्या माझ्या पायाशी होता. मी तो उचलून घटाघटा पाणी प्याले, पदरानं तोंड टिपलं. कुसुम माईकपाशी जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. समोर विहिरीवरच्या तिच्याच बरोबरीच्या बायका बसलेल्या. तिनं तोंड उघडलं, आवाज आला नाही. ओठ मिटले, पुन्हा उघडले. काहीच नाही. लोक वाट बघायला लागले. मागून कुणीतरी खाकरलं. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

आणि मला सुचलं. मला नेहमीच पटकन सुचायचं, माझ्यातला तो सगळ्यात मोठा दोष. मी उठले, तांब्या हातात तसाच, दुसऱ्या हातानं तिच्यापुढचा माईक काढून घेतला.

"वहिनीसाहेब बोलणार न्हाईत," मी म्हणाले. "त्यांनी मौन धरलंय. आपल्या कालव्याला पाणी येईस्तोवर त्या एक शब्द बोलायच्या न्हाईत. गावाच्या तहानेसाठी त्यांनी आपली वाणी वाह्यलीय."

एक म्हातारी उठली, काठी टेकत पुढं आली आणि कुसुमच्या पायांवर डोकं ठेवलं. तिच्या मागं दुसरी. टाळ्या सुरू झाल्या. कुसुमनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या त्या बघण्याचा अर्थ मी कृतज्ञता असा लावला. घाबरलेल्या बाईला मी वाचवलं, अशी माझी समजूत. किती दिवस होती, विचारू नका.

हे मौन असं चाललं की अण्णांच्या पाच वर्षांच्या मयती आणि बारशी त्यापुढं फिकी पडली. पत्रकं निघाली. त्यावर कुसुमचा डोळे मिटलेला फोटो, खाली 'मौन हीच सेवा'. फोटोग्राफरनं झोत मारला तेव्हा बिचारीचे डोळे मिटले होते. अण्णांनी नेमका तोच फोटो निवडला. गावोगावी जीप जायची, ती हात जोडून उभी राहायची, मी बोलायची. बायका तिच्या पायांवर पोरं घालायच्या. ज्या बाईनं उंबऱ्यावर पाय भाजतात म्हणून सांगितलं होतं, तिच्या पायांवर लोक आता हळद वाहत होते. अण्णा जीपमध्ये पुढच्या सीटवरून मागं वळून म्हणाले, "अक्का, हिचं तोंड बंद करणं मला वीस वर्षांत जमलं न्हाई. तुमी एका मिनिटात केलं." कुसुम माझ्या शेजारीच बसलेली. मी हसले. चांगली मोठ्यानं हसले, ड्रायव्हरलाही ऐकू जावं इतकी.

विहारामागं पंचशीलाबाईंची दीड एकर मोसंबी होती. त्यांच्या सासऱ्यांनी मजुरी करून करून ती जमीन घेतलेली, बाग त्यांनी स्वतः लावलेली. त्यांच्या वस्तीत आमची कोपरा सभा झाली तेव्हा त्या मध्येच उठल्या.

"शकूबाई, एक इचारू का? वास येऊन राह्यलाय. कुणाची बाग फुटली?"

इतके दिवस जे कुणी बोललं नव्हतं, ते त्यांनी इतक्या साधेपणानं विचारलं की सगळ्यांनी श्वास रोखला. मी नाही रोखला. मला पुन्हा सुचलं.

"वहिनीसाहेबांच्या मौनाचं पुण्य हाये ते," मी म्हणाले. "त्यांच्या घरची झाडं त्या पुण्यावर फुलली."

पंचशीलाबाईंनी मान हलवली. "मंग त्यांना म्हणावं, दोन दिवस माझ्या बागेकडं तोंड करून गप बसा."

जो हशा पिकला तो खरा होता. पोटातून आलेला. मला तो सहन झाला नाही, आणि मी म्हणाले, "श्रद्धा असंल तर तुमची बी फुटंल." पुन्हा टाळ्या. त्या टाळ्या आमच्या बरोबर आलेल्या पोरांच्या होत्या, वस्तीतल्या कुणी वाजवल्या नाहीत. पंचशीलाबाई खाली बसल्या. कुसुम त्यांच्याकडं बघत होती आणि त्या कुसुमकडं. मधे मी, माईक धरून.

पाडव्याच्या सुमाराला त्यांची बाग सरपण झाली. आमचीही झाली. मोसंबीचं लाकूड चुलीत घातलं की धुरालाही जरा वास येतो. हे चुलीपुढं बसून म्हणाले, "तुझ्या वहिनीसाहेबांचं पुण्य आपल्या चुलीपतूर आलं बघ." मी त्यावर काही बोलले नाही. अख्ख्या हंगामात मला न सुचलेली ती एकच वेळ.

पण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही आणि ती टाळून पुढं गेले तर हे लिहायलाच नको होतं. मतदानाला थोडे दिवस राहिले होते. जीप रस्त्याकडेच्या बाभळीखाली लावलेली, ड्रायव्हर चहा सांगायला गेलेला, अण्णा लांब कुणाशी तरी बोलत उभे. जीपमध्ये आम्ही दोघीच. कुसुमनं माझा हात धरला आणि म्हणाली, "अक्का, त्या दिवशी मला-"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

खरोखरचा हात. उजवा. "कुणी ऐकंल," मी म्हणाले. "आता बोललात अन् पाणी आलं न्हाई, तर लोक म्हणतील तुमच्यामुळं आलं न्हाई. गाव तुमाला जित्तं ठेवायचं न्हाई." हे मी तिला समजुतीनं सांगत होते, तिच्या भल्याचं म्हणून. माझ्या खोट्यानं तिला कुठं नेऊन कोंडलंय ते मी इतकं बरोबर ओळखलं होतं, आणि तरी मला वाटत होतं की मी तिचीच काळजी घेतेय. ती माझ्या हाताखाली बोलत राहिली. ओठ हलत होते, गरम वाफ तळहाताला लागत होती. शब्द कळले नाहीत. मग ते थांबले, आणि मी हात काढून पदराला पुसला.

संध्याकाळी टीव्हीवर सगळ्या पक्षांचे प्रवक्ते भांडतात, ते मी हल्ली आवाज बंद करून बघते. सूनबाईला वाटतं मला ऐकू कमी येतं. पण आवाज काढून टाकला की चेहरे दिसतात. एखाद्याला अवघड प्रश्न आला की तो आधी हसतो, मग समोरच्या ग्लासातलं पाणी पितो, मग बोलतो. तो घोट घेताना त्याचे डोळे एकदा खाली जातात. त्या वेळात त्याला सगळं माहीत असतं. पुढच्याच क्षणी त्याला सुचतं आणि तो पुन्हा ताठ होतो. त्या खाली गेलेल्या डोळ्यांपुरती मला त्या सगळ्यांची दया येते. दया कसली, ओळख पटते म्हणा. लोक म्हणतात हे खोटं बोलतात. बोलतातच. पण मला वाटतं, खोटं बोलणं त्यातला लहान भाग आहे. आपण ज्याच्या वतीनं बोलतो त्याला काही बोलायचंय का, हे न बघता त्याची वेळ आपण खाऊन टाकतो, तो मोठा भाग. नेत्याचा चेहरा आपण रंगवत बसतो, आणि त्या रंगाखाली कधी कधी एखादं माणूस गुदमरत असतं. हे लिहितानासुद्धा दोन ठिकाणी माझ्याकडून यमक जुळलं होतं. खोडलं. सवय लवकर जात नाही.

कुसुम निवडून आली. चांगल्या मतांनी आली. पाच वर्षं सह्या तिनं केल्या आणि बोलणं अण्णांनी केलं. तिला नाव पडलं मौनी वहिनी. ते अजून आहे. आता ती संभाजीनगरला मुलाकडं असते, लग्नकार्याला आली तर नवीन सुना तिला वाकून नमस्कार करतात आणि आपसांत म्हणतात, या फार बोलत नाहीत बाई, स्वभावच तसा. मी तिथंच असते. मी सांगत नाही.

पंचशीलाबाई राहिल्या नाहीत. त्यांच्या मुलानं त्याच जागेवर पुन्हा बाग लावली, ठिबक टाकलं, आणि मागच्या दाराशी चार दिवसांपासून येणारा वास त्या बागेचा आहे. हे मला गौरीनं सांगितलं. मी ऐकून आत गेले आणि दार लावून घेतलं. मग वाटलं, हे काय करतेय मी, आणि पुन्हा उघडलं.

हे सगळं मी गौरीला सांगितलं ते व्हॉइस ओव्हर द्यायचं टाळायला. निदान सुरुवात तशी केली. तिनं फोन कधीचा पालथा घालून ठेवला होता. ती मधे मधे हसली, मोसंबीच्या शिंकेला तर फारच हसली. जीपच्या गोष्टीला हसली नाही. मग म्हणाली, "अन् पाणी आल्यावर? व्रत तर सुटलं असंल ना. कुसुमआजी काय म्हणाल्या?"

आजवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

निकालानंतर काही दिवसांनी धरणातून पिण्यासाठी म्हणून पाणी सोडलं. कालव्याच्या तळाशी गढूळ, फेस धरलेलं पाणी सरकत सरकत आलं, त्याच्यापुढं वाळलेली पानं आणि पोरांचा एक चेंडू. अख्खं गाव काठावर जमलेलं. अण्णांनी माईक लावला होता. मौन सुटायचं होतं, आणि पहिलं वाक्य मीच जुळवून दिलं होतं. नवरीला उखाणा पढवतात तसं तिच्याकडून तीन-चारदा म्हणून घेतलं: हे पाणी माझ्या मौनाचं नाही, अण्णांच्या कष्टाचं आहे. कुसुम माईकपाशी गेली आणि तिनं ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. लोकांनी फुलं उधळली. माझा उखाणा तिनं पहिल्यांदाच घेतला होता.

माणसं पांगल्यावर ती काठावर बसली, पाय पाण्यात सोडून. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मला वाटलं, आता ही माझे आभार मानेल. मी तशी तयारीही केली होती, नाही नाही, त्यात काय, असं म्हणायची. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, बघितलं, प्यायली नाही, सोडून दिलं. आवाज तिचा तोच होता, उंबऱ्यावरचा. माझ्याकडं न बघता ती म्हणाली,

"अक्का, मी घाबरले न्हवते त्या दिवशी. तोंड कोरडं पडल्तं, एवढंच. तांब्या तुमच्यापाशी व्हता. एक घोट दिला असता, तर बोलले असते."